रातू फिलिमोनेंची टाकी

तोकोवाई बेटाच्या धक्क्यावर पाय ठेवला आणि उनाइसीला तो प्रश्न आलाच.

"कुठल्या गावची गं तू?" दालोच्या कंदांची पोती उतरवून घेणाऱ्या बाईने विचारलं. तिची नजर आधी कडेवरच्या लेकीवर, तालेईवर, मग उनाइसीवर आणि मग पुन्हा तालेईवर गेली. जणू बाळाच्या नाकावरूनच गाव ओळखता येईल.

"सुवाची. विद्यापीठातून आलेय."

"सुवा काय गाव आहे? राजधानी ती, तिथे लोक राहायला जातात. गाव कुठलं?"

"सुवाच," उनाइसी म्हणाली आणि बाळाचं टोपडं नीट करायच्या निमित्ताने मान खाली घातली.

बाईने पोतं खांद्यावर घेतलं आणि शेजारणीला मोठ्याने सांगितलं, "हिला गावच नाही म्हणे. समुद्रातून आलीय." दोघी हसल्या, पण त्या हसण्यात तिला घेतलं नव्हतं.

उत्तर ठरवून आणलेलं होतं. निघण्याआधी विद्यापीठातले तिचे वरिष्ठ डॉ. मुनसामी यांनी तिला समोर बसवून बजावलं होतं, "गाव सांगितलंस की तू कुणाची तरी भाची होतेस, कुणाची तरी वहिनी. मग लोक भाचीला सांगतात तेवढंच तुला सांगणार. तू कुणाचीच नाहीस, असं राहायचं. बघायचं, ऐकायचं, मध्ये पडायचं नाही." संशोधनाचा विषयच तसा होता: सरकारी कचेरीत वाईट बातमी खालून वर कशी पोचते. उनाइसीला ते पटलं होतं. शिवाय तिचं कंत्राट वर्षावर्षाचं होतं आणि पुढचं वर्ष डॉ. मुनसामींच्या सहीवर होतं.

खरं तर तिच्या बापाचं गाव वुनिसेई. आणि तोकोवाईचे जिल्हा अधिकारी रातू फिलिमोने लोमातोकाचे, तिथल्या थोरल्या घराण्यातले, म्हणून 'रातू'. वुनिसेई आणि लोमातोका ही तौवू गावं. दोघांचा आदिपुरुष एकच, त्यामुळे एकाने दुसऱ्याला वाटेल ते बोलावं, दुसऱ्याचं वाटेल ते उचलून न्यावं, आणि राग धरायचा नाही, धरला तर हसं होतं. तिच्या बापाने एकदा लोमातोकाच्या लग्नातून भाजलेलं डुक्कर मांडवातून उचलून नेलं होतं, आणि नवरदेवाचा काका मागे पळत "खा, खा, चिखलातल्या भुकेल्या" म्हणून हसत होता. उनाइसीने हे सगळं ओठाआड ठेवलं.

तिची सोय नर्स अरिएताच्या घरी होती, टेकडीवरच्या हॉस्पिटलच्या अगदी खाली. अरिएता रुंद खांद्यांची, सावकाश बोलणारी बाई. पहिल्या सकाळी तालेईची बाटली धुवायला उनाइसीने नळ सोडला, तर नळाने नुसता श्वास टाकला.

"नळाला पाणी नाही का?"

"नळ आहे ना," अरिएता म्हणाली.

"आणि पाणी?"

"ते ओढ्यात आहे." तिने दारातली बादली पायाने पुढे सरकवली. "आणलंय तुझ्या लेकीसाठी."

उनाइसीने ते पाणी उकळलं, गार केलं, आणि मनाचं समाधान होईना म्हणून पुन्हा उकळलं. हॉस्पिटलला पंप आहे हे तिने सुवात कागदावर वाचलं होतं. पंप आहे आणि चालू आहे, असंच वाचलं होतं.

कचेरी समुद्राच्या बाजूला होती. तिथे तिला कोपऱ्यात चटई मिळाली. तालेईचं मात्र काही ठरलेलं नव्हतं. ती सकाळी टायपिस्टच्या मांडीवर असायची, चहाला शिपायाच्या खांद्यावर, आणि दुपारी मुख्य कारकून वातिसोनीच्या टेबलावर शिक्क्यांशी खेळत. उनाइसीचा अर्धा जीव वहीत आणि अर्धा त्या शिक्क्यांत. "गिळेल ती," असं ती दर थोड्या वेळाने म्हणायची आणि वातिसोनी म्हणायचा, "गिळू दे, निदान काहीतरी मंजूर होईल."

वातिसोनी विनोदी होता, पण रातू फिलिमोने आत आले की त्याचा आवाज कमरेपर्यंत वाकायचा. सगळ्यांचाच. साहेब धिप्पाड होते, कमरेला गुंडाळलेल्या सुलूला कडक इस्त्री, आवाज गोड. ओरडायचे नाहीत कधी. उनाइसीला वाटलं होतं, वाईट बातमी अडते ती साहेबाच्या रागापायी. इथे रागच नव्हता. साहेब प्रेमाने विचारायचे, "सगळं ठीक आहे ना?" आणि कचेरी प्रेमाने म्हणायची, "हो, साहेब."

तिसऱ्या की चौथ्या दिवशी अरिएताने तिला वॉर्डात नेलं, तालेईच्या अंगावरचं पुरळ दाखवायला. पुरळ घामाचं निघालं. पण आत एक मुलगी सकाळीच बाळंत झालेली होती, मांड्यांवरचं रक्त वाळलेलं, बाळ फडक्यात गुंडाळून उशाशी. ती काही मागत नव्हती. नुसती दाराकडे बघत होती. अरिएता बादली आणायला ओढ्यावर उतरली होती आणि टेकडी उभी होती. उनाइसीला स्वतःचं बाळंतपण आठवलं, गरम पाण्याचा तो पहिला तांब्या, आणि तिने तालेईला इतकं घट्ट धरलं की ती रडायलाच लागली.

"पंपाचं काय झालं?" अरिएता धापा टाकत वर आल्यावर तिने विचारलं.

"मेला."

"कधी?"

"ज्या दिवशी सुरू झाला त्या दिवशी." अरिएताने बादली टेकवली. "साहेबांनी स्वतः बटण दाबलं. प्रार्थना झाली, डुकरं कापली, सगळं बेट जेवलं. नळाला पाणी आलं, बायका नाचल्या. संध्याकाळी पंप जळाला."

"आणि साहेबांना कुणी सांगितलं नाही?"

"कोण सांगणार? त्यांच्या हाताने सुरू झालेली गोष्ट. आम्हाला वाटलं वातिसोनी सांगेल. वातिसोनीला वाटलं डॉक्टर सांगतील. डॉक्टरांची बदली झाली."

"पण साहेब इथे येतात तेव्हा?"

अरिएताला हसू आलं, आणि हसू आल्याची लाजही वाटली. "येणार कळलं की आदल्या दिवशी आम्ही रांग लावतो. ओढ्यापासून वरच्या टाकीपर्यंत बादल्या. सगळी कचेरी येते. वातिसोनी सगळ्यात वर, शिडीवर असतो. मग साहेब येतात, नळ सोडतात, पाणी बघतात, खूश होतात."

"एवढे कष्ट, एक वाक्य बोलायचं टाळायला."

"सोपं आहे ना त्यापेक्षा," अरिएता म्हणाली, आणि तिला ते खरंच वाटत होतं.

पुढचा आठवडा उनाइसीने आपला गुंता सोडवण्यात घालवला. वर्षाची बैठक जवळ आली होती. सुवाहून कमिशनर येणार होते. सरकारकडे नवा पंप एकच होता आणि मागणारी बेटं दोन होती, कुठे द्यायचा ते कमिशनर बैठकीतच ठरवणार होते. तोकोवाईच्या अहवालात "पंप चालू" असं होतं. म्हणजे पंप दुसऱ्या बेटाला जाणार, आणि अरिएता टेकडी चढत राहणार.

तिने एकदा प्रयत्न करून पाहिला. चहाच्या वेळी, अगदी अदबीने. "साहेब, हॉस्पिटलच्या पंपाबद्दल जरा..."

"हां, पंप." साहेब लगेच वातिसोनीकडे वळले. "चालू आहे ना आपला पंप?"

"हो, साहेब."

वातिसोनीची नजर उनाइसीकडे आली. त्या नजरेत विनवणी होती. आता ती "नाही" म्हणाली असती तर सुवाच्या एका परक्या बाईने सगळ्या कचेरीला सगळ्यांसमोर खोटं पाडलं असतं. तिने बिस्किट चहात बुडवलं. ते तुटून तळाला गेलं.

मग तिने डॉ. मुनसामींना फोन लावला.

"मध्ये पडू नकोस," ते म्हणाले. "तू डॉक्टर नाहीस. तू बघणारी आहेस."

"सर, मी सांगितलं तर काय होईल?"

"तुझं ऐकणार नाहीत. तू कोण त्यांची?"

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ तालेईला थोपटत बसली. तू कोण त्यांची, हे ते सहज बोलून गेले होते. पण प्रश्न अगदी नेमका होता आणि त्याला एक उत्तर होतं, जे तिने धक्क्यावर गिळलं होतं. ते उत्तर दिलं की तिचं संशोधन तिच्याच नियमाने बाद. कंत्राट बहुधा गेलंच. तालेईचं दूध, सुवातल्या खोलीचं भाडं, नवऱ्याची बोटीवरची हंगामी नोकरी, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. मग ती मुलगीही आली, दाराकडे बघणारी.

बैठकीच्या दिवशी कचेरी पुसून लखलखीत केली होती. कमिशनर बारीक अंगाचे, चष्मेवाले, घाईत असलेले. खुर्च्या वरच्या मंडळींना, चटया बाकीच्यांना. यांगोनाचं कडसर पेय फिरलं, टाळ्या पडल्या, वाटी रातू फिलिमोनेंकडून कमिशनरांकडे आणि तिथून खाली उतरत आली. उनाइसी नेहमीच्या कोपऱ्यात. तालेई वातिसोनीच्या मांडीवर, कारण ती तिथून हलेना. त्यामुळे वातिसोनीने अहवाल एका हाताने धरून वाचला.

"शाळेचं छप्पर, ठीक. नावेचं इंजिन, ठीक. हॉस्पिटलचा पंप..." तालेईने कागदाचा कोपरा तोंडात घातला. "चालू."

"छान," कमिशनर म्हणाले. "मग पंपाचा निर्णय सोपा झाला." त्यांनी पेनचं टोपण काढलं.

उनाइसीने चटईवर तळवे टेकले आणि ती पुढे सरकली. शब्द बाहेर पडतील की नाही याची तिला खात्री नव्हती. पडले, आणि चांगलेच मोठ्याने पडले.

"काय रे फिलिमोने, लोमातोकाच्या आळशी खेकड्या, तुझी टाकी मी नेली."

वाटी वाटणाऱ्याचा हात हवेत राहिला. टायपिस्टने तोंडावर दोन्ही हात घेतले. कमिशनरांचं पेन कागदावर टेकून तिथेच थांबलं आणि शाईचा ठिपका पसरायला लागला. रातू फिलिमोनेंनी मान सावकाश वळवली. त्यांना या नावाने, या सुरात, या खोलीत कुणी कधी हाक मारली नव्हती.

"कोण गं तू?" ते हळू म्हणाले.

"वुनिसेईची. इलाइतियाची धाकटी."

उनाइसीला वाटलं, संपलं. मग त्या अवाढव्य छातीच्या तळातून काहीतरी गडगडत वर आलं आणि साहेब खुर्चीसकट हलायला लागले. हसू असं फुटलं की तालेई दचकली.

"वुनिसेई? चिखलातली बेडकं तुम्ही. आणि इतके दिवस माझ्या कचेरीत बसून माझी बिस्किटं खाल्लीस, तोंड बंद ठेवून? चोरटे कुठले."

"चोरी कसली, हक्काची बिस्किटं. मऊ होती, पण खाल्ली."

"तुझ्या बापाने आमचं डुक्कर नेलं होतं."

"बारीक होतं म्हणून तो अजून कुरकुरतो."

आता खोली हसत होती. उनाइसीला कळलं की पाण्यात उडी पडली आहे आणि पाणी तिला पेलतंय.

"काय नेलंस म्हणालीस?" साहेबांनी डोळे पुसले.

"टाकी. तुझ्या बंगल्यामागची, पावसाच्या पाण्याची. आजपासून ती माझी. हॉस्पिटलात नेणार."

"ने की. तुझीच आहे. पण हॉस्पिटलला कशाला टाकी? त्यांचा पंप आहे."

"कोण म्हणतं?"

"वातिसोनी म्हणतो."

"त्या बिचाऱ्याला काय विचारतोस. आणि विचारतोस तरी कसं? 'चालू आहे ना?' असं. तुझ्यासारखा डोंगर अंगावर वाकून असं विचारायला लागला तर मेलेला माणूससुद्धा म्हणेल, हो साहेब, चालू आहे." कोपऱ्यात कुणीतरी फिस्सकन हसलं. "तुझा पंप तू बटण दाबलंस त्याच संध्याकाळी मेला, फिलिमोने. आणि तू टेकडीवर येणार असलास की ही तुझी कचेरी ओढ्यावरून बादल्या ओढून टाकी भरते, तुला नळ वाहता दिसावा म्हणून. माया तरी किती तुझ्यावर. बाळंतिणी कोरड्या ठेवतात आणि तुला पाणी दाखवतात."

हसणं विरत गेलं. पण खोलीत भीती आली नाही. शिवी तौवूची होती, ती कुणाच्याच अंगाला चिकटली नव्हती. ना साहेबांच्या, ना वातिसोनीच्या. शिल्लक राहिला तो नुसता पंप.

रातू फिलिमोने वातिसोनीकडे वळले. "वातिसोनी, पंप चालू आ..." ते थांबले. ओठ मिटले. खोलीतल्या प्रत्येकाने त्यांना थांबताना पाहिलं. मग त्यांनी नव्याने विचारलं, "वातिसोनी, पंप कसा आहे?"

वातिसोनीने तालेईला जरा वर घेतलं, जणू तिच्या आडून बोलणं सोपं जाईल. "जळालाय, साहेब. पहिल्या दिवसापासून."

"आणि टाकी तुम्ही भरायचात?"

"मी शिडीवर असायचो, साहेब." मग त्याला धीर आला. "माझा गुडघा गेलाय त्यात."

"मला का नाही सांगितलंत?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी टायपिस्ट म्हणाली, "तुम्ही खूश असायचात, साहेब."

साहेबांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "आणखी काय काय ठीक आहे इथे?"

आणि बांध फुटला. शाळेचं छप्पर एका बाजूने उडालंय. नावेचं इंजिन दोरीने बांधलंय. शिपाई म्हणाला कचेरीचं घड्याळ चुकीचं आहे, साहेब घरी जेवायला वेळेवर पोचावेत म्हणून त्यानेच पुढे-मागे करून ठेवलंय आणि आता खरी वेळ कुणालाच माहीत नाही. एकाने बोलायच्या आत दुसरा बोलत होता. साहेब कधी कपाळाला हात लावत होते, कधी हसत होते. कमिशनर आधी चष्म्याआडून बघत राहिले, मग त्यांनी तो डागाळलेला कागद बाजूला सारून नवा घेतला आणि लिहायला लागले.

"पंप तोकोवाईला," ते मध्येच म्हणाले, कुणी न विचारताच. "दुसऱ्या बेटाचा अहवालही मी आता जरा वेगळ्या प्रकारे वाचणार आहे." मग उनाइसीकडे पाहून म्हणाले, "माझ्या कचेरीत लोमातोका आणि वुनिसेईसारखी जोडी कुठे मिळेल?"

"तुमचं गाव सांगा, साहेब, शोधून देते," उनाइसी म्हणाली, आणि पुन्हा हशा झाला. या वेळी ती त्या हशाच्या मधोमध होती.

दुपारी टाकी रिकामी करायला अख्खी कचेरी बंगल्यावर गेली. रातू फिलिमोनेंनी इस्त्रीचा सुलू गुडघ्यावर खोचला आणि पहिल्या दोन बादल्या स्वतः उचलल्या. टेकडीवर अर्ध्या वाटेत ते थांबले, धाप टाकत झाडाला टेकले. मागून अरिएता दोन बादल्या घेऊन त्यांना ओलांडून गेली.

"सिस्टर, रोज चढता तुम्ही हे?"

"रोज नाही, साहेब. दिवसातून खूप वेळा."

वॉर्डाच्या दारात साहेबांनी बादली ठेवली ती अशी, जशी थोरामोठ्यांपुढे ठेवतात, खाली वाकून. एका बाळंतिणीने पाणी अंगावर घेतलं आणि डोळे मिटले. उनाइसी तिथून हलली नाही. नंतर साहेबांनी तौवूचा हिशेब चुकता केला. उनाइसीची छत्री, तिची नवी चटई आणि तिच्या डब्यातले सगळे तळलेले बाबाकाऊ ते घेऊन गेले, आणि वाटेत भेटेल त्याला दाखवत गेले.

डॉ. मुनसामींना तिने दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं, काही न लपवता.

"तू संशोधन बिघडवलंस, उनाइसी."

"हो, सर."

"पूर्ण बिघडवलंस."

"हो, सर."

"मग कसं बिघडवलंस ते आता बारकाईने लिही. तुझं गाव, त्यांचं गाव, तू काय म्हणालीस, ते काय म्हणाले, कोण आधी हसलं, सगळं. तेच छापायचं आहे." मग ते म्हणाले, "आणि पुढच्या वर्षासाठी दुसरा जिल्हा निवडून ठेव. या वेळी धक्क्यावरच गाव सांग."

तिने फोन ठेवला आणि तालेईला वर उचलून इतकं फिरवलं की अरिएता स्वयंपाकघरातून ओरडली, ओकेल ती.

पंप आला तेव्हा बटण दाबायला कुणी मोठा माणूस बोलावला नव्हता. मेकॅनिकने तारा जोडल्या, तोच चालू करून हात पुसत बसला. उनाइसी कचेरीत सामान बांधत होती, संध्याकाळच्या बोटीने निघायचं होतं. साहेब कमिशनरांच्या पत्राला उत्तर सांगत होते. तेवढ्यात वातिसोनी दारातून आत आला. धावतच आला. वाकला नाही, बाजूला थांबला नाही, साहेबांचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

"साहेब, घोटाळा झाला. टाकी भरून वाहतेय, आणि झडप कुठे आहे ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. चूक माझी. मी विचारून घ्यायला हवं होतं."

रातू फिलिमोने त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा असा उजळला, जणू त्यांना कुणी मोठं बक्षीस आणून दिलं होतं. "मेकॅनिकला माहीत असेल," ते उठत म्हणाले. "चल, वाटेत सगळं सांग."

सगळेच बाहेर आले. टेकडीच्या वाटेवरून पाणी उन्हात चमकत उतरत होतं, पोरं त्यात पाय आपटत होती, वरून अरिएता दोन्ही हात हलवून काहीतरी ओरडत होती. उनाइसी तालेईला कडेवर घेऊन बघत राहिली. बातमी साहेबांपर्यंत पोचली होती, आणि पाणी अजून पायथ्यालाही पोचलं नव्हतं.